पाळणाघराची सरकारी मदत फक्त गरजू कुटुंबांनाच द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाळणाघराच्या फीसाठी सरकार अनुदान देतं, ते सरसकट सगळ्यांना कशाला? ज्यांना खरंच परवडत नाही त्यांच्यापुरतंच ठेवलं तर तिजोरीवरचा भार कमी होईल, गरिबांच्या वाट्याला जास्त येईल, आणि चांगला पगार असलेल्या जोडप्याच्या मुलाची फी करदात्यांनी भरण्याचा प्रकारही थांबेल. मग अडचण कुठे आहे?

गरजूंना आधी आणि जास्त मिळावं, याबद्दल माझं दुमत नाही. उत्पन्नाची एक रेघ ओढायची आणि तिच्या पलीकडच्या सगळ्यांना बाहेर ठेवायचं, याला मात्र माझा विरोध आहे. अनुदानाचे अर्ज तपासण्यात आणि पुढे अशा योजनांचे नियम लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हे उत्तर तत्त्वापेक्षा कारभाराच्या बाजूने देतो.

आधी तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते मांडतो, कारण सरसकट योजनांचे समर्थक ते बऱ्याचदा गिळून टाकतात. जागा कमी आणि दर सगळ्यांना सारखा असला की त्या जागा सुशिक्षित, ओळखीपाळखी असलेले पालक आधी पटकावतात. मूल पोटात असतानाच ते प्रतीक्षा यादीत नाव घालतात. पाळीवर काम करणाऱ्या, भाड्याचं घर दरवर्षी बदलणाऱ्या बाईला अशी यादी असते हे कळतं तेव्हा मूल दीड वर्षाचं झालेलं असतं. कॅनडाच्या क्वीबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर असा सगळ्यांसाठी एकच दर सुरू केला. हेतू उत्तम होता. पण चांगल्या दर्जाच्या, ना-नफा केंद्रांमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच राहिली, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं होत आली आहे. फी कमी केली म्हणजे दार उघडलं असं होत नाही. म्हणून जागा अपुऱ्या असतील तिथे गरजू मुलांसाठी राखीव जागा आणि प्रवेशात प्राधान्य ठेवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता कारभाराकडे येतो. ‘आर्थिक गरज’ म्हणायला सोपी, मोजायला महाकठीण. कोणत्या महिन्याचं उत्पन्न धरायचं? ज्या घरांना मदतीची खरी निकड असते त्यांचंच उत्पन्न सगळ्यात जास्त हेलकावे खातं. हंगामी काम, जादा पाळ्या, रोजंदारी, मधेच सुटलेली नोकरी. पगारदार माणूस तीन पगारपत्रकं जोडतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. चार घरी काम करणाऱ्या बाईला चार मालकांकडून लिहून आणावं लागतं, आणि त्यातले दोघे लिहून द्यायला तयार नसतात. वेगळा राहणारा बाप खर्चाला पैसे देतो की नाही, देत असेल तर ते उत्पन्न धरायचं का? आजी-आजोबा एकाच छताखाली असतील तर त्यांचं निवृत्तिवेतन मोजायचं का? सिंगापूरच्या नियमांत याची जाण दिसते. मूळ अनुदान सगळ्या नागरिक मुलांना, आणि जादा अनुदान महिन्याला १२,००० सिंगापूर डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना. अवलंबून असलेली माणसं जास्त असतील तर एकूण कमाईऐवजी माणशी उत्पन्न बघतात. बऱ्याच देशांच्या नियमांत एवढाही विचार नसतो. तीन माणसांचं घर आणि सात माणसांचं घर एकाच मापाने मोजलं जातं.

रेघ ठरली की दुसरी भानगड सुरू होते, आणि तीच सगळ्यात घातक. समजा मर्यादा महिन्याला ४०,००० आहे आणि ३९,६०० कमावणाऱ्या आईला मुलाच्या फीसाठी ८,००० मिळतात. तिला ५०० ची वेतनवाढ मिळाली. उत्पन्न झालं ४०,१००, आणि ८,००० गेले. प्रामाणिकपणे पुढे सरकल्याबद्दल तिला महिन्याला ७,५०० चा दंड झाला. माझ्या टेबलासमोर बसून एका बाईने पदोन्नतीचं पत्र पिशवीतून काढलं आणि विचारलं होतं, “हे नको म्हणून कळवलं तर चालेल ना? नाव तर कमी होणार नाही?” ती हिशेबाला पक्की होती. पदोन्नती घेतली असती तर हातात पडणारा पैसा कमी झाला असता, आणि मूल सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. असे लोक आळशी असतात, सरकारी पैशाला सोकावतात, हे जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला ते पत्र आठवतं. तिला पदोन्नती नाकारायला शिकवणारा नियम आम्हीच लिहिला होता.

रेघ ओलांडताच मदत एकदम तुटण्याचा हा कडा फक्त गरिबांच्याच वाट्याला येतो असंही नाही. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या पालकांना आठवड्याला ३० तासांचं अनुदानित संगोपन मिळतं. त्यासाठी दोघांपैकी एकाचंही वार्षिक उत्पन्न १,००,००० पौंडांच्या वर जाता कामा नये. परिणाम असा, की आई आणि बाप दोघेही ९९,००० कमावत असतील, म्हणजे घरात १,९८,००० येत असतील, तरी ते पात्र. पण घरातला एकच जण १,०१,००० कमावत असेल आणि दुसऱ्याची नोकरी अगदी साधी असेल, तरी ते अपात्र. अशा रेघेजवळ पोचलेले लोक कामाचे तास कमी करून घेतात किंवा जादा पैसे निवृत्तिवेतनाच्या खात्यात वळवतात. त्यांची कीव करा असं माझं म्हणणं नाही. पण श्रीमंतांना वगळण्यासाठी घातलेला नियम असं वागायला लावत असेल, तर वाचलेल्या पैशातून हे नुकसानही वजा करायला हवं.

अमेरिकेत पाळणाघराची मुख्य केंद्रीय मदत तुमच्या सूचनेप्रमाणेच गरजेवर बेतलेली आहे. कायद्याने कमाल मर्यादा राज्यातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८५ टक्के, आणि बरीच राज्यं प्रत्यक्षात त्याहून खाली थांबतात. नेम गरिबांवरच असल्यामुळे गरिबांना भरपूर मिळत असेल असं वाटेल. पण केंद्रीय निकषांनुसार पात्र असलेल्या मुलांपैकी पाचातल्या एकालाही ती पोचत नाही. कारण ती हक्काची मदत नाही. वर्षाला ठरलेली रक्कम येते, ती संपली की यादी बंद. ‘फक्त गरजूंना’ म्हटलं की वाचलेला पैसा गरजूंकडे वळेल हे आपण गृहीत धरतो, पण अर्थसंकल्प तसा चालत नाही. वाचलेला पैसा सहसा वाचलेलाच राहतो किंवा दुसऱ्या खात्यात जातो. ज्या योजनेचे लाभार्थी फक्त गरीब असतात तिच्यासाठी भांडणारेही फक्त गरीबच उरतात, आणि निधीच्या कपातीत तिचा नंबर आधी लागतो. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी हे फार पूर्वी मांडून ठेवलं आहे: गरिबांसाठी वेगळ्या काढलेल्या सेवा दर्जानेही गरीबच होत जातात. पाळणाघरात हे लवकर जाणवतं. ज्या केंद्रात सगळीच मुलं अनुदानावर असतात, तिथे सरकारने बिल थकवलं की बाईंचा पगार थकतो. तिथल्या अनुभवी बाया हळूहळू दुसरीकडे जातात, आणि तक्रार करू शकेल असा एकही पालक यादीत नसतो.

भारतातलं एक उदाहरण या वादात क्वचितच निघतं. एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपल्या अंगणवाड्या, १९७५ मध्ये सुरू झाली. पुढे अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं, की दारिद्र्यरेषेखाली असणं ही या योजनेच्या लाभासाठी अट असू शकत नाही. कारण उघड होतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची यादी स्वतःच इतकी सदोष होती, की तिच्या आधारे मूल वगळणं म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं.

यादी चुकली तर काय होतं याचा सगळ्यात दाहक धडा नेदरलँड्सने दिला आहे. तो जरा विस्ताराने सांगतो, कारण गरज तपासायची म्हणजे नक्की काय काय उभं करावं लागतं हे त्यातून कळतं. तिथे पाळणाघराचा भत्ता पालकांच्या खात्यात येतो. तो आगाऊ मिळतो, आणि वर्षभरात आपलं उत्पन्न किती असेल व मूल किती तास केंद्रात राहील या पालकांच्याच अंदाजावर ठरतो. वर्ष संपलं की कर खातं खरे आकडे पाहतं आणि जास्त गेलेले पैसे परत मागतं. इथवर ठीक वाटतं. पण उत्पन्न कमी तितका भत्ता मोठा, म्हणजे परत मागायची रक्कमही गरिबांकडूनच सगळ्यात मोठी. त्यात फसवणूक पकडायचा राजकीय दबाव आला. एखाद्या कागदावर सही राहिली, किंवा पालकाने स्वतःचा छोटा वाटा पूर्ण भरलेला नसला, तर फरकाच्या रकमेवर भागायचं नाही. अख्ख्या वर्षाचा भत्ता परत मागितला जाई. हजारो युरोंची कर्जं अशा घरांच्या डोक्यावर बसली ज्यांच्याकडे शंभर युरो शिल्लक नव्हते. नागरिकत्वाची माहिती वापरून संशयित निवडले गेले, आणि तो वापर बेकायदा व भेदभावाचा होता असं तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने नंतर ठरवलं. हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा शिक्का बसला. संसदीय चौकशीनंतर पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने १५ जानेवारी २०२१ रोजी राजीनामा दिला. बाधित पालकांना प्रत्येकी किमान ३०,००० युरो भरपाई जाहीर झाली, आणि ते निस्तरण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं. वाचवायला गेले पैसे, आणि हाती आलं धुपाटणं.

गरज तपासणाऱ्या प्रत्येक योजनेची हीच गत होते असं मी म्हणत नाही. पण नेम जितका बारीक, तितकी तपासणी जास्त. तपासणी जितकी जास्त, तितकी प्रामाणिक माणसाची एखादी तारीख चुकण्याची शक्यता जास्त. आणि त्या चुकीची किंमत तो देतो ज्याच्याकडे ती द्यायला काहीच नसतं. नेदरलँड्सने यातून काढलेला निष्कर्षही बघण्यासारखा आहे. काम करणाऱ्या पालकांसाठी उत्पन्न न बघता जवळजवळ सगळी फी सरकारने थेट केंद्राला द्यायची, या दिशेने त्यांनी आखणी सुरू केली.

पाळणाघराचा पैसा हा नेमका कोणासाठी असतो, हा प्रश्नही इथे येतो. गरिबीवरचा उपाय म्हणून पाहिलं तर तुमचं म्हणणं रास्त ठरतं. पण आईला कामावर जाता यावं याचीही ती सोय आहे, आणि तो प्रश्न मध्यम उत्पन्नाच्या घरांत कमी तीव्र नसतो. दोन मुलांची फी तिच्या पगाराएवढी झाली की ती घरी बसते. पाच-सात वर्षांनी परतली तरी पगार, हुद्दा, निवृत्तिवेतन सगळं मागे पडलेलं असतं. तिने भरला असता तो करही तेवढी वर्षं बुडतो. क्वीबेकमध्ये स्वस्त पाळणाघरांमुळे मातांचं नोकरीचं प्रमाण चांगलंच वाढलं, आणि तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने तर वाढलेल्या करातून योजनेचा खर्च भरून निघतो असा हिशेब मांडला. त्याच योजनेवर मायकेल बेकर, जोनाथन ग्रुबर आणि केव्हिन मिलिगन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र मुलांमध्ये चिडचिड आणि अस्वस्थता वाढल्याचंही आढळलं. घाईत जागा वाढवल्या आणि दर्जाकडे लक्ष राहिलं नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. माझ्या मते दर्जाचा हा मुद्दा ‘कोणाला द्यायचं’ या वादापेक्षा मोठा आहे. एका बाईच्या अंगावर किती मुलं, ती बाई वर्षभर टिकते का, हे बघायला पैसा लागतो, आणि तोच सगळ्यात आधी कापला जातो.

मग करायचं काय? माझं उत्तर असं: दार सगळ्यांना उघडं ठेवा आणि फी ऐपतीप्रमाणे घ्या. स्वीडनने २००२ मध्ये कमाल शुल्काची पद्धत आणली. पहिल्या मुलासाठी घराच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी १, आणि वर एक ठरावीक कमाल रक्कम. जास्त कमावणारा जास्त भरतो, पण वगळला कोणीच जात नाही. नॉर्वेत सरकारने ठरवलेला कमाल दर आहे, आणि कमी उत्पन्नाच्या घराला एका मुलासाठी उत्पन्नाच्या ६ टक्क्यांहून जास्त भरावं लागत नाही. म्हणजे तिथे गरजेचं मोजमाप आहे, पण त्यावर प्रवेश ठरत नाही, सवलत ठरते. अर्ज अडकला तर आईला दोन महिने जादा फी पडेल, पण मूल केंद्राबाहेर जाणार नाही.

कड्याऐवजी उतार कसा असतो ते ऑस्ट्रेलियाच्या नियमांत स्पष्ट दिसतं. जुलै २०२३ पासून तिथे ८०,००० डॉलरपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ठरावीक कमाल दराच्या आत, फीच्या ९० टक्के मदत ठेवली. त्यापुढे प्रत्येक ५,००० डॉलरला मदत एक टक्का-बिंदूने घटते. मर्यादेचे आकडे नंतर महागाईनुसार सरकतात, पण रचना तीच. समजा एका मुलाची वर्षाची फी २५,००० आहे. ८०,००० वाल्या घराला स्वतःचे २,५०० भरावे लागतील. आईने तास वाढवले, उत्पन्न १,००,००० झालं, तर मदत ८६ टक्के आणि स्वतःचे ३,५००. वीस हजार जास्त कमावले, त्यातले एक हजार फीत गेले. असा नियम असता तर माझ्यासमोर बसलेल्या त्या बाईने पदोन्नती डोळे झाकून घेतली असती. फार श्रीमंत घरांपर्यंत पोचता पोचता ही मदत आपोआप शून्यावर येते, म्हणजे तुमच्या मनातला हेतूही साधतो.

एवढाही पैसा नसेल तर? तर वयानुसार भाग पाडा. जपानने ऑक्टोबर २०१९ पासून ३ ते ५ वर्षांच्या सगळ्या मुलांची फी माफ केली, आणि ० ते २ वयाची माफी फक्त रहिवासी कर लागू नसलेल्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांपुरती ठेवली. लहान बाळाला सांभाळायला माणसं जास्त लागतात, खर्च जास्त, म्हणून तिथे नेम धरला. हा हिशेब मला पटतो. त्यासाठी विक्रीवरचा कर ८ वरून १० टक्के करून पैसा कुठून येणार हेही त्यांनी लोकांना सांगितलं. उलट दिशेने, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने नोव्हेंबर २०२५ पासून उत्पन्नाची अटच काढून टाकली. तिथे जागा आणि प्रशिक्षित बाया पुरतात का, हे बघावं लागेल. क्वीबेकसारखं तिथेही घाईत जागा वाढून दर्जाकडे दुर्लक्ष होईल, ही माझी भीती आहे.

क्वीबेकने २०१५ मध्ये एकच दर सोडून उत्पन्नाप्रमाणे चढता दर लावून पाहिला होता, वरच्या टोकाला दिवसाला २० डॉलरपर्यंत. मध्यमवर्गीय पालकांनी आरडाओरडा केला आणि २०१९ मध्ये पुन्हा एकच दर आला. माझ्या मताविरुद्ध जाणारं हे उदाहरण मुद्दाम सांगतो. उतार खूप चढा ठेवला, आणि जादा रक्कम कर भरताना एकदम वसूल केली, तर लोकांना ती शिक्षा वाटते. फीच्या मासिक बिलातच तो आकडा दिसला असता तर विरोध कमी झाला असता, असं मला वाटतं. पैसे परत मागण्यापेक्षा आधीच थोडं जास्त घेणं नेहमी बरं.

अंमलबजावणीत आणखी काही गोष्टी आग्रहाने सांगेन. अनुदान थेट केंद्राला द्या, पालकाच्या हाती देऊन मागाहून वसुली करू नका. सरकारकडे कराची आणि इतर लाभांची माहिती आधीच असते. ती वापरा, बाईला चार दाखले गोळा करायला पिटाळू नका. पात्रता एकदा ठरली की वर्षभर बदलू नका. अमेरिकेने २०१४ च्या कायद्यात किमान १२ महिन्यांची सलग पात्रता घातली, तो त्या कायद्यातला सगळ्यात शहाणा बदल होता. प्रत्येक महिन्याच्या पगारावर मूल आत-बाहेर करायचं म्हणजे त्याची सवय लागलेली बाई, झोपेची वेळ, मित्र सगळं तुटतं. शिवाय केंद्रालाही पुढच्या महिन्यात किती मुलं असतील हे कळत नाही, मग ते अनुदानाची मुलं घ्यायलाच नाखूश होतं.

शेवटचा मुद्दा कामाच्या अटीचा, कारण गरजेच्या अटीबरोबर ती हमखास जोडली जाते: पालक काम करत असेल तरच मदत. वरवर रास्त. पण नोकरी गेली त्या दिवशी मदत थांबते, पंधरा दिवसांत जागा दुसऱ्या मुलाला जाते, आणि मुलाखतीला जायचं तर मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो. नोकरी मिळाली की पुन्हा यादीत शेवटचा नंबर. अमेरिकेच्या त्याच कायद्याने नोकरी शोधण्यासाठी किमान तीन महिने मदत चालू ठेवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियाने तर जानेवारी २०२६ पासून पालकांचं काम न बघता आठवड्याला तीन दिवसांच्या अनुदानाची हमी दिली. तुमच्या समोर गरजूंपुरत्या योजनेचा एखादा मसुदा आला, तर उत्पन्नाची मर्यादा किती हे बघण्याआधी हे कलम शोधा: पालकाची नोकरी गेली तर मुलाची जागा किती दिवस राहते.